कोकमाचं झाड फुलतं पण धरत नाही: नर की मादी, ओळखायचं कसं?

मधली_आळी | ११ जानेवारी, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे. गुहागर तालुक्यात आमचं घर आहे, बाबा तिथेच असतात, मी ठाण्यात. नऊ वर्षांपूर्वी बाबांनी मागीलदारी विहिरीजवळ कोकमाचं रोप लावलं. शेजारच्या काकूंच्या झाडाखाली आपोआप रुजलेलं होतं, तेच उचलून आणलेलं. झाड झकास वाढलंय. सरळ शेंड्याचं, खाली झुकलेल्या फांद्या, लांबून बघितलं तर देवळाच्या कळसासारखं. गेली दोन वर्षं फुलतंय. यंदाही खाली फुलांचा सडा पडतोय. पण रातांबा? एकही नाही.

बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि त्यांचा संयम संपलाय. काल फोनवर म्हणाले, "वांझोटं निघालं. या शनिवारी येशील तेव्हा कोयता लावू, तिथे एक नारळ बसेल." गावातल्या दोघांनी "नर असेल" असं सांगितलंय. हे खरंच असतं का? असेल तर खात्री कशी करायची? फुलं अजून आहेत, त्यामुळे घाई.

सुरंगी | ११ जानेवारी, रात्री १०:०५

आमच्याकडे भिरंड म्हणतत. मागीलदारी तीन झाडां असत, त्यातला एक कधीच धरूक नाय. आमचो आजो म्हणायचो, "तो वळू आसा, तेका हात लावू नको." आम्ही हसायचो. पण झाड अजून उभा आसा.

कोथरूडची_माळीण | ११ जानेवारी, रात्री १०:१२

कोकमात नर-मादी असतं? पपईसारखं? पन्नाशी आली, आयुष्यभर आमसुलं टाकतेय आमटीत, हे आज कळतंय. वाचतेय.

निवृत्त_बॉटनी | १२ जानेवारी, सकाळी ७:१५

मधली_आळी, आधी बाबांना फोन करून कोयता लपवायला सांगा. मग हे वाचा.

पपईचं उदाहरण बरोबर आहे, जायफळ हे त्याहून जवळचं. नर फुलं एका झाडावर, मादी फुलं दुसऱ्या. वनस्पतिशास्त्रात याला द्विगृही म्हणतात, म्हणजे नवरा-बायकोची घरं वेगळी. आंब्याच्या एकाच मोहोरात नर फुलं असतात आणि द्विलिंगी फुलंही, म्हणून एकटा आंबा धरतो. कोकमाचं नर झाड एकटं काय, शंभर वर्षं उभं राहिलं तरी धरणार नाही. क्वचित एखाद्या झाडावर दोन्ही तऱ्हेची फुलं सापडतात, पण त्या आशेवर बसू नका.

पंचाईत अशी की पपई वर्षाच्या आत लिंग दाखवून मोकळी होते. बीपासून वाढवलेलं कोकम सात-आठ वर्षं काहीच बोलत नाही. तोवर तुम्ही पाणी घाला, शेण घाला, गुरांपासून राखा. आणि रोपांमधली साधारण निम्मी नर निघतात. नाणं उडवण्यासारखंच आहे, फक्त ते खाली पडायला आठ वर्षं लागतात.

ओळखायचं फुलावरून, आणि फुलावरूनच. असं करा. एक फांदी खाली ओढा. फुलं पानांच्या बगलेत किंवा शेंड्याला येतात. घोसाने असतील, चार-सहा-आठ एकत्र, तर नराचा संशय धरा. एकेकटं, जरा ठुसकं फूल असेल तर मादीचा. पण घोसावर थांबू नका, फूल उघडून बघा. दोन्हींत बाहेर चार निदलं आणि आत चार जाड, मांसल पाकळ्या. फरक मधोमध आहे. नर फुलात मधे पुंकेसरांचा गच्च गोळा असतो, डझन-दीड डझन पुंकेसर एकमेकांना चिकटून झालेलं बटण म्हणा. मादी फुलात त्या जागी हिरवट गोल अंडाशय, त्याच्या डोक्यावर देठाशिवाय थेट बसलेली कुक्षी (पराग झेलणारा भाग), चार ते आठ फाकांची, आणि कडेला थोडे वांझ पुंकेसर, असून नसल्यासारखे.

एक सोपी खूण देतो. पिकलेला रातांबा हातात घेतलात तर देठाच्या टोकाला चार निदलं चिकटलेली दिसतील आणि दुसऱ्या टोकाला छोटी किरणांची चकती. तीच मादी फुलातली कुक्षी. फळ मोठं झालं तरी ती जागा सोडत नाही. फुलात ती चकती दिसली की झाड मादी.

मधली_आळी | १२ जानेवारी, सकाळी ८:५०

सर, साष्टांग. शनिवारी जातोच आहे, ब्लेड आणि भिंग घेऊन जातो. कोयत्याचं बाबांना सांगितलं. म्हणाले, "धार लावून ठेवलाय, तू ये."

खोबरं_खडीसाखर | १२ जानेवारी, दुपारी १:३०

बुंध्यात लोखंडी खिळा मारा, पुढच्या वर्षी लगडेल. आमच्या आजीने फणसाला मारला होता. नाहीतर मुळाशी जाडं मीठ.

रायवळ | १२ जानेवारी, दुपारी ३:१०

खिळा मारून नर मादी होत असता तर मी रोपवाटिका कधीच बंद केली असती, हार्डवेअरचं दुकान टाकलं असतं. मीठ तर अजिबात घालू नका, विहीर जवळ आहे म्हणताय. फणस धरला तो धरायचाच होता म्हणून.

आता माझं गाऱ्हाणं. लोक येतात, "दहा रुपयांचं रोप द्या, कलम कशाला." मी सांगतो, कलम घ्या. मादी झाडाची काडी बांधली की झाड मादीच होणार, आणि धरतंही लवकर. ऐकत नाहीत. आठ वर्षांनी हेच लोक परत येतात आणि मला विचारतात, तुम्ही नर का दिलात. अहो, मला तरी रोपाच्या पानावर लिहून आलंय का?

वाशिष्ठी | १२ जानेवारी, संध्याकाळी ६:४४

पानांवरून ओळखता येतं असं आमच्या गावात सांगतात. नराची पानं बारीक, मादीची रुंद. बीवरूनही सांगतात, चपटी बी मादी, फुगीर बी नर.

निवृत्त_बॉटनी | १२ जानेवारी, संध्याकाळी ७:२०

वाशिष्ठी, हे मीही लहानपणापासून ऐकतोय. एकाच ओळीतल्या दोन मादी झाडांची पानं शेजारी ठेवून बघा, एकीची लांबट, दुसरीची रुंद निघतील. पान झाडागणिक बदलतं, सावलीत वेगळं, उन्हात वेगळं. खरं तर पानात बघण्यासारखं दुसरंच आहे. समोरासमोर जोडीने येतात, वरून गडद तुकतुकीत, खालून फिकी. नवी पालवी तांबूस लाल. ती कोवळी पानं चावून बघा, आंबट लागतात. लिंग मात्र सांगत नाहीत.

बीचं म्हणाल, तर एका फळात पाच ते आठ बिया दाटीवाटीने बसलेल्या असतात. ज्याला जशी जागा मिळाली तसा त्याचा आकार.

म्हापशेकार | १२ जानेवारी, रात्री ११:०२

गोंयांत भिरंडच म्हणतात. पोर्तुगीजांनी त्याचंच 'ब्रिंडांव' केलं. गार्सिया द ऑर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या पुस्तकात या फळाबद्दल लिहिलंय, आंबट म्हणून सालं वाळवतात वगैरे. त्याच्याच नावावरून शास्त्रीय नाव गार्सिनिया पडलं. गोंयकारांचा मान!

अवांतर: बियांपासून निघतं ते भिरंडेल. थंडीत टाचा फुटल्या की आई गोळा शेगडीजवळ धरून मऊ करायची आणि भेगांत भरायची. आता तेच परदेशी कंपन्या सुंदर डबीत घालून विकतात.

निवृत्त_बॉटनी | १३ जानेवारी, सकाळी ६:५८

ऑर्ताचं बरोबर, नावाचं नाही. ही चूक फार जणांची होते, नावंच तशी आहेत. गार्सिनिया हे नाव लॉरेंट गार्सिन या निसर्ग अभ्यासकावरून आलं. तो अठराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. ऑर्ता त्याच्या दोनशे वर्षं आधीचा. आपल्या कोकमाचं पूर्ण नाव गार्सिनिया इंडिका, त्यात 'इंडिका' आहे तेवढाच मान पदरात पाडून घ्या.

टाचांचं मात्र शास्त्र आहे. त्या तेलात स्टिअरिक आम्ल भरपूर, म्हणून ते घरातल्या हवेला घट्ट राहतं आणि अंगाच्या उष्णतेच्या आसपास, थोडं वर, वितळतं. भेगेत भरलं की तिथेच बसतं, ओघळत नाही. म्हणूनच कोकणात ते वडीसारखं किंवा मुठीत वळून गोळा करून ठेवतात.

म्हापशेकार | १३ जानेवारी, सकाळी ९:१५

चूक मान्य. मान परत केला. भिरंडेल ठेवतो.

एडिसनकर | १३ जानेवारी, सकाळी १०:३३

इथल्या इंडियन स्टोअरमध्ये आमसुलं म्हणून जे मिळतं ते काळंकुट्ट, धुराचा वास येणारं. सोलकढी केली तर रंग चहासारखा. फसवतात का?

सुरंगी | १३ जानेवारी, सकाळी १०:५०

तां आमचां सोल न्हय. केरळचां कुडंपुळी आसतला. माशाच्या कालवणाक झक्कास, सोलकढीक नको.

निवृत्त_बॉटनी | १३ जानेवारी, सकाळी ११:१०

सुरंगीताईंनी बरोबर ओळखलं. ती गार्सिनिया गुम्मी-गुट्टा, कोकमाची बहीण. फळ पिकून पिवळं होतं आणि भोपळ्यासारख्या फाका असतात. सालं धुरावर वाळवतात, म्हणून काळी आणि म्हणून वास. आंबटपणा दोघींचा सारख्याच आम्लाचा, पण कोकमाच्या सालीत जो लाल रंग असतो तो तिच्यात नाही. सोलकढी गुलाबी होते ती त्या रंगाने. कोकमातही पिवळट फळाची झाडं कुठे कुठे आहेत, त्यांची सोलं आंबट पण रंगाला फिकी.

मधली_आळी | १७ जानेवारी, रात्री १०:२०

आज सकाळी सात वाजता झाडाखाली उभा होतो. बाबा कोयता घेऊन, मी ब्लेड घेऊन. शेजारचे दोघं बघायला आलेले.

आधी खालचा सडा बघितला. फुलं हरभऱ्याएवढी, पिवळसर पांढरी, पाकळीच्या कडेला किंचित गुलाबी झाक. ओंजळभर उचलली. एकालाही खाली फळाचा गोल नव्हता. पण गळालेली फुलं पुरावा नव्हे असं बाबाच म्हणाले. म्हणून फांदी ओढली. पानाच्या बगलेत पाच कळ्या एकत्र, त्यातली दोन उमललेली. पडवीत वर्तमानपत्रावर ठेवून उभी चिरली. पाकळ्या खरंच जाड, काकडीच्या सालीसारख्या कुरकुरीत तुटतात. मधे पिवळसर गोळा. भिंगाखाली धरला तेव्हा तो गोळा नव्हता, एकेक बारीक डोकं दिसायला लागलं. सुईने वेगळे करत मोजले. पहिल्या फुलात १४, दुसऱ्यात १६. बोटाला पिवळी पूड लागली. मधे अंडाशय नाही, चकती नाही, काही नाही.

वीस फुलं उघडली, चारही बाजूंच्या फांद्यांची. वीसच्या वीस तशीच.

बाबांनी भिंग मागून घेतलं, चष्म्यावर धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "गडी आहे." मग कोयता घ्यायला वळले.

कोथरूडची_माळीण | १७ जानेवारी, रात्री १०:२६

अरे देवा. मग??

मधली_आळी | १७ जानेवारी, रात्री १०:३५

मग मी म्हटलं, सरांना विचारू. तुमच्यामुळे एक आठवडा मिळालाय, सर.

निवृत्त_बॉटनी | १८ जानेवारी, सकाळी ७:०५

मोजणी उत्तम. प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी.

आता एक प्रश्न. रोप शेजारच्या काकूंच्या झाडाखालून आणलं म्हणालात. ते झाड किती अंतरावर आहे? आणि त्या दोन झाडांखेरीज आसपास कोकम किती?

मधली_आळी | १८ जानेवारी, सकाळी ९:४०

काकूंचं झाड गडग्यापलीकडे, चाळीस-पन्नास पावलं. जुनं आहे, आजोबांच्या वेळचं. दरवर्षी काकू आम्हाला सोलांची पिशवी आणि आगळाची बाटली पाठवतात.

आसपास... बाबांना विचारून सांगतो. पूर्वी खालच्या वाडीत दोन होती, ती "धरत नाहीत" म्हणून तोडली.

रायवळ | १८ जानेवारी, सकाळी ९:५५

झालं!

निवृत्त_बॉटनी | १८ जानेवारी, सकाळी १०:३०

रायवळ हसतोय ते यासाठी, मधली_आळी. काकूंच्या मादी झाडाला पराग कुठून तरी यायला हवा. खालच्या वाडीतले दोन 'न धरणारे' गेले. आता जवळचा नर बहुधा तुमचाच. तुमच्या घरी येणाऱ्या सोलांत तुमच्या झाडाचा वाटा असू शकतो.

शपथेवर सांगणार नाही. कोकमाच्या घराण्यात नराशिवाय फळ धरण्याचे चमत्कार आहेत. मँगोस्टीन घ्या, कोकमाची सख्खी चुलत बहीण. तिच्या बागांत नर झाड नसतंच. तिची बी फलनाशिवाय तयार होते आणि रुजली की हुबेहूब आईच उगवते. तेव्हा काकूंचं झाड एकटंही धरू शकेल. पण कोकमाच्या बागेसाठी कृषी विद्यापीठाची शिफारसच आहे की शेकडा दहाच्या आसपास नर ठेवा. उगाच नाही.

मधली_आळी | १८ जानेवारी, दुपारी १२:१५

बाबांना वाचून दाखवलं. दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "म्हणजे मी नऊ वर्षं पाणी घातलं आणि सोलं तिच्याकडे?"

खोबरं_खडीसाखर | १८ जानेवारी, दुपारी १२:२०

आता काकूंकडून निम्म्या सोलांची नोटीस पाठवा.

वाशिष्ठी | १८ जानेवारी, दुपारी १:०२

आमच्याकडे नेमकं हेच झालं. दोन 'वांझोटी' तोडली, पुढच्या दोन-तीन वर्षांत उरलेल्या झाडांवर फळ घटत गेलं. आम्ही हवामानाला दोष देत होतो. हवामानाचाही असेल. पण आज हे वाचून पोटात कसंसंच झालं.

रायवळ | १८ जानेवारी, रात्री ८:४०

तोडायचं नाही आणि नुसतं ठेवायचंही नसेल तर तिसरा रस्ता आहे. खोड कमरेच्या वर कापायचं. नवे फुटवे येतात. त्यातले चांगले तीन-चार ठेवून त्यांच्यावर मादी झाडाची काडी बांधायची, मृदुकाष्ठ कलम (कोवळ्या फुटव्यावरचं कलम) करतो तसं. आणि एक जुनी फांदी तशीच सोडायची, नर म्हणून. एकाच बुंध्यावर दोघांचा संसार. मी तीन झाडांवर केलंय. दोन लागली, एक मेलं. लपवत नाही.

पण काडी निवडताना लक्ष द्या, इथेच सगळे फसतात. कोकमाला दोन तऱ्हेचे फुटवे येतात. शेंड्याचा फुटवा उभा वाढतो, बाजूची फांदी आडवी. आडव्या फांदीची काडी बांधलीत तर कलमही आयुष्यभर आडवंच पसरतं, झुडूप होतं, शेंडा धरत नाही. उभी काडी बांधली तर झाड सरळ होतं. त्रास असा की एका झाडावर उभे फुटवे मोजकेच. म्हणून रोपवाटिकावाले सर्रास आडव्या काड्या बांधतात आणि गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. माझ्या धंद्यातले लोक शिव्या घालतील, घालू देत.

कोथरूडची_माळीण | १८ जानेवारी, रात्री ९:१०

म्हणजे झाडाच्या फांदीला आठवतं की आपण आडवी होतो?

निवृत्त_बॉटनी | १८ जानेवारी, रात्री ९:३०

आठवतं हा शब्द वनस्पतिशास्त्रज्ञांना चालणार नाही, पण मला चालतो. कॉफीतही असंच होतं. फांदी एकदा बाजूची झाली की तोडून दुसरीकडे रुजवली तरी ती स्वतःला बाजूचीच समजते.

सुरंगी | १९ जानेवारी, सकाळी ८:००

आजो म्हणायचो वळू. तेका सगळां म्हायत होतां, फक्त इंग्लिश येय नाय होतां.

मधली_आळी | २४ मे, रात्री ९:१५

धागा वर काढतोय. कोयता अजून वळचणीला आहे, झाड उभं आहे. बाबा त्याला आता 'जावई' म्हणतात. खातो, पितो, काम दुसऱ्याच्या घरी.

काकूंचं झाड यंदा लगडलंय. आठवडाभर तिथे होतो म्हणून सोलं करताना पहिल्यांदाच नीट बघितली. पिकलेला रातांबा जांभळट काळा, लिंबापेक्षा थोडा लहान. दाबून दोन भाग करायचे, आतला गर आणि बिया वेगळ्या. सालं उन्हात. गराच्या रसात मीठ घालून तीच सालं पुन्हा बुडवायची, पुन्हा उन्हात. काकू रोज संध्याकाळी एकेक पुट देत होत्या. चौथ्या पुटाला सालं चामड्यासारखी झाली आणि त्याच रात्री पाऊस आला. अवेळीचा, तासभर. पडवीत आणेपर्यंत निम्मी भिजली. दोन दिवसांत बुरशी. काकू काही बोलल्या नाहीत, टोपली उकिरड्यावर ओतली आणि दुसऱ्या दिवशी शिडी लावून उरलेली फळं उतरवली. झाडावर राहिलेली पावसाने फुटतात म्हणे.

रायवळ | २४ मे, रात्री ९:४०

कोकमाचं हेच दुखणं. पिकतं नेमकं पावसाच्या तोंडावर. दापोलीच्या विद्यापीठाने १९९७ मध्ये 'कोकण अमृता' काढली ती याच कारणाने लोकांना आवडली, बरीचशी फळं पावसाआधी उतरतात. २००६ ला 'कोकण हातीस' आली, तिचं फळ बरंच मोठं, साल जाड. पण जुन्या झाडांना कोण सांगणार लवकर पिक म्हणून.

मधली_आळी | २५ मे, सकाळी ११:२०

अजून एक. लेकीने काकूंच्या उकिरड्यातून चार बिया धुऊन कपात ओल्या कापसावर ठेवल्या होत्या. दोन रुजल्या. पण गंमत बघा, वालासारखं झालं नाही. वाल रुजला की दोन दळं उघडतात. ही बी तशीच अखंड, एका टोकातून मूळ, विरुद्ध टोकातून कोंब. आणि कोंबाच्या बुडाशी आणखी एक मूळ फुटतंय, ते पहिल्यापेक्षा जाड आहे. काही बिघडलंय का?

निवृत्त_बॉटनी | २५ मे, दुपारी १२:०५

काही बिघडलेलं नाही, लेकीला शाबासकी द्या! हे मी वर्गात तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं, हातात घेऊन बघितलेले विद्यार्थी थोडेच.

वालाच्या बीत अन्न दळांमध्ये साठवलेलं असतं. कोकमाच्या बीत दळं नावापुरतीसुद्धा धड नसतात. सगळं अन्न मधल्या कांडात, ज्यापासून पुढे मूळ आणि कोंब यांच्यातला भाग व्हायचा. तेच फुगून बी झालेलं आहे. म्हणून मूळ एका टोकाला आणि कोंब दुसऱ्या. मग कोंबाच्या पायथ्याशी नवं मूळ फुटतं आणि झाडाचा खरा आधार तेच होतं. पहिलं मूळ मागे पडतं. मँगोस्टीनचंही असंच.

आणि बी वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. कोकमाची बी वाळली की मेली. ताजी, ओली, तशीच रुजवायची.

मधली_आळी | २५ मे, दुपारी १२:२०

लेक विचारतेय, तिच्या दोघांतलं कुठलं मुलगा आणि कुठलं मुलगी.

निवृत्त_बॉटनी | २५ मे, दुपारी १२:२४

ती कॉलेजला जाईल तेव्हा सांगतो.

मधली_आळी | ८ जून, रात्री ८:५०

ठरलं. रायवळ म्हणाले तसं करायचं, विहिरीकडची मोठी फांदी नर म्हणून तशीच ठेवून. बाबांनी त्या फांदीला आत्ताच लाल सुतळी बांधलीय, चुकून कुणी कापू नये म्हणून.

काडी अमृताची आणू की हातीसची, असं बाबांना विचारलं. म्हणाले, दोन्ही नको, काकूंच्या झाडाची. मी विचारायला गेलो तर काकू सोलांची पिशवी बांधत होत्या, यंदा निम्मीच. म्हणाल्या, "काडी कसली विचारतोस? झाड बघ आणि घेऊन जा."

रायवळ, तुम्ही येऊ शकाल का? येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण आमच्याकडे.

रायवळ | ८ जून, रात्री ९:३०

येतो. खोड एवढ्यात कापू नका, मी बघितल्याशिवाय कोयत्याला हात नको. तोवर एक काम करा. काकूंच्या झाडाच्या अगदी शेंड्याकडे बघा, सरळ वर जाणारे फुटवे किती आहेत ते मोजून इथे लिहा. बाजूच्या फांदीवरचे मोजायचे नाहीत.

मधली_आळी | ९ जून, सकाळी ७:४५

बाबा शिडीवर चढलेत. खालून ओरडतोय, उतरा. म्हणतात सहा.

रायवळ | ९ जून, सकाळी ७:५२

सहा पुरेत. त्यांना उतरवा आधी.